फादरांची मर्सिडीज

आमच्या धर्मग्रामाची गाडी आजारी पडली, ही बातमी आमच्या स्वतःच्या आजारपणापेक्षा लवकर पसरते. आम्ही तापाने अंथरुणाला खिळलो तर रविवारच्या मिस्साला बदली फादर उभे राहिल्यावरच लोकांस ते कळते. पण गाडीने मान टाकली की चर्चच्या फाटकाबाहेरच्या चहावाल्यापासून दूरच्या वस्तीवरल्या धर्मशिक्षकापर्यंत सर्वांना सायंकाळच्या आत वर्दी पोहोचते. रविवारी मिस्सा आटोपल्यावर गायकवृंदातील चार तरुण अंगरखे उतरवून गाडी ढकलण्यास सिद्ध असत. समाप्तीच्या गीतानंतर गाडी ढकलणे हा आमच्याकडे जणू उपासनेचाच एक भाग होऊन बसला होता.

ही गाडी २००७ सालची. आमच्या आधी दोन फादरांनी ती चालविली, आम्ही तिसरे. तिच्या कंपनीचे नाव आम्ही सांगत नाही, कारण म्हातारपणी कोणाचे अवगुण चारचौघांत काढू नयेत अशी आमच्या आईची शिकवण आहे. २०२२ साली तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे पुरी झाली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. नेमके त्याच वर्षीच्या एप्रिलपासून या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले. वर पर्यावरण कर वेगळा. धर्मग्राम परिषदेत तेव्हाच एका सभासदाने विचारले होते, "फादर, म्हातारीला इतके औषधपाणी कशाला?" आम्ही हसून विषय टाळला. नवी गाडी मागणे आमच्या जिवावर येई. आमचे वडील धर्मशिक्षक होते. त्यांनी उभी हयात एका सायकलवर काढली, आणि तीही एका मिशनरी फादरांनी वापरून दिलेली. त्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून आम्ही पहिल्या ख्रिस्तप्रसादाला गेलो. नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत शिकत असतानाही 'वाहन' म्हटले की आम्हांस ती सायकलच आठवे.

परंतु २०२५ च्या जानेवारीतल्या एका रात्रीने आमचे हे टाळणे संपविले.

रात्री अकराच्या सुमारास गंगापूर तालुक्यातील एका वस्तीवरून फोन आला. एक वृद्ध मास्तर अखेरच्या घटका मोजीत होते आणि त्यांनी फादरांना बोलावले होते. पवित्र तेलाची कुपी व ख्रिस्तप्रसादाची डबी घेऊन आम्ही निघालो. वाळूज ओलांडले आणि गाडी बंद पडली. त्या रात्री ढकलण्यास गायकवृंद नव्हता. एका ढाब्यावरील मुलाने आपली मोटारसायकल काढली व थंडीत कुडकुडत आम्हांस पोहोचते केले. मास्तरांना जाऊन वीस मिनिटे झाली होती. मृतास अभ्यंग देता येत नाही. मृतांसाठीची प्रार्थना तेवढी म्हटली. मास्तरांच्या मुलाने आम्हांस बसावयास घोंगडी टाकली, पाणी आणून दिले आणि म्हणाला, "लई थंडी हाय, फादर, शेकोटीजवळ बसा." तो काही लागेल असे बोलला असता तर बरे झाले असते.

परिषदेची सभा भरली. सुगीच्या सणाच्या लिलावातून साठलेली रक्कम, एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ दिलेली देणगी आणि आणखी काही, असे मिळून साडेसहा लाख रुपये उभे राहात होते. या रकमेत आपल्या कामाची नवी गाडी येत नाही. म्हणून चांगली वापरलेली पाहावी असे ठरले. धर्मप्रांताची परवानगी आली. आम्ही शोधास लागलो.

पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या मोटारींचा व्यवहार करणारे एक परिचित गृहस्थ आमच्याकडे आले. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला व म्हणाले, "फादर, तुमच्या बजेटात एक वस्तू आहे. सव्वासहा लाख. मर्सिडीज."

आम्हांस वाटले, चेष्टा करतात.

या शहरातील वाचकांस सांगणे नलगे, बाहेरच्यांसाठी सांगतो. ऑक्टोबर २०१० मध्ये, आमच्या शहराचे नाव औरंगाबाद असताना, येथील उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक अशा मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. सुमारे पासष्ट कोटी रुपयांचा तो व्यवहार. मराठवाडा म्हणजे मागासलेला मुलूख, ही बाहेरच्यांची समजूत पुसून टाकावी व या शहराकडे गुंतवणूकदारांचे लक्ष वेधावे, असा त्यामागे हेतू होता. लक्ष वेधले गेले खरे. देशभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली. आता ती पिढी जुनी झाली. मालकांनी नव्या गाड्या घेतल्या आणि त्या दीडशेपैकी काही बाजारात फिरू लागल्या. अर्थात बाजारात आलेली प्रत्येक जुनी मर्सिडीज 'त्या दीडशेतलीच' असते, असे विकणारे सांगतात. ख्रिस्ताच्या खऱ्या क्रुसाचे म्हणून जगभर पुजले जाणारे तुकडे एकत्र केले तर एक जहाज बांधता येईल, असे थट्टेखोर लोक म्हणत, त्याची आम्हांस आठवण झाली.

हिशेब मात्र विचार करायला लावणारा होता. पासष्ट कोटींना दीडशेने भागले तर एका मोटारीस सरासरी त्रेचाळीस लाख पडतात. तशी मोटार पंधरा वर्षांनी सव्वासहा लाखांस, म्हणजे सातव्या हिश्शास! साध्या मोटारीची किंमत इतकी कोसळत नाही. कारण उघड आहे. ज्यास अशी मोटार परवडते त्यास नवीच हवी असते. आणि ज्यास जुनी चालते त्यास ती पोसवत नाही. या दोहोंच्या मधल्या पोकळीत तिची किंमत गडगडते. आम्ही नेमके त्या पोकळीच्या काठावर उभे होतो.

गृहस्थ म्हणाले, "दोन दिवस ठेवा. चालवून पाहा. आवडली तर बोलू." आणि काळ्या रंगाची ती लांबसडक मोटार पाद्रीनिवासाच्या दारात उभी करून निघून गेले.

आता कबुली देतो. पापनिवेदनाची घंटा नसली तरी वाचकांपुढे खरे बोलणे प्राप्त आहे. आम्ही त्या मोटारीत बसलो आणि आम्हांस ती फार आवडली. दरवाजा लागताना जो आवाज आला तो पवित्र मंजूषेचे दार हळुवार लावावे तसा. बाहेरचा जालना रोड, त्याचे भोंगे, रिक्षांची घरघर, सारे एकाएकी दूर गेले. आमच्या कमरेच्या मणक्याचे दुखणे सात वर्षांचे आहे. डॉक्टरांनी खड्ड्यांतला प्रवास कमी करा असे बजावले आहे, जणू खड्डे आम्ही मागवून घेतो! त्या आसनात पाठ टेकली आणि कंबर म्हणाली, 'फादर, घेऊन टाका.'

मन अशा वेळी मोठे शास्त्री होते. आमच्या मनाने सेमिनरीत शिकलेले सारे शास्त्र कामास लावले. धर्मप्रांतीय धर्मगुरू संन्यस्तांसारखे दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत, हा पहिला मुद्दा. खरे आहे, पण १९८३ सालच्या कॅनन लॉमधील २८२ वा नियम धर्मगुरूने साधी राहणी ठेवावी व ऐहिक दिमाखाचा वास येईल असे काही टाळावे असे सांगतो, हे आम्हांस पाठ होते. मग मनाने दुसरा मुद्दा काढला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१३ मध्ये सेमिनरीतील तरुण व नवदीक्षित भगिनी यांच्यापुढे बोलताना सांगितले होते की, धर्मगुरू अथवा धर्मभगिनी अगदी नव्या बनावटीच्या गाडीत दिसल्या की आपणांस दुःख होते. कामासाठी गाडी लागते, पण ती साधी असावी. आणि भारी गाडीचा मोह झालाच तर भुकेने मरणारी मुले आठवावीत. यावर आमचे मन म्हणाले, 'पोप महोदय नव्या गाडीविषयी बोलले. ही तर जुनी आहे!'

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इटलीतील एका धर्मग्राम प्रमुखांनी पोप फ्रान्सिस यांस आपली १९८४ सालची रेनॉ मोटार भेट दिली. ती तीन लाख किलोमीटर चाललेली होती, आणि पोप महोदयांनी ती आनंदाने स्वीकारली. 'पाहा,' मन म्हणाले, 'वापरलेली मोटार घेणे ही तर परंपरा आहे.' ती मोटार गरिबांच्या वस्तीत झिजली होती, ही गोष्ट मनाने सोयिस्करपणे दृष्टीआड केली.

प्रभूचे वाहनही आठवले. यरुशलेमेत प्रवेश करताना प्रभू ज्या शिंगरावर बसला ते मागून आणलेले होते. परंतु त्यावर आधी कोणी बसलेले नव्हते, असे शुभवर्तमानकार मुद्दाम नोंदवितो. म्हणजे वाहन उसने, पण जुने नव्हे! विनोदाचा भाग सोडला तर मुद्दा एवढाच की, ते काम झाल्यावर परत द्यावयाचे होते.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटार मोंढा नाक्याजवळच्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांना सारे चाचा म्हणतात. चाळीस वर्षे त्यांनी इंजिनांत हात घातले आहेत. त्यांनी प्रथम मोटारीभोवती एक फेरी मारली. मग खाली वाकून टायरच्या कडेवरील चार आकडे वाचले. त्यातील पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात, ही विद्या आम्हांस त्या दिवशी मिळाली. टायर सात वर्षांपूर्वीचे निघाले. नक्षी शाबूत होती, पण रबर ताठरले होते. "गाडी कमी चालली म्हणून खूश होऊ नका," चाचा म्हणाले. "रबर चालण्यानं नाही, वयानं मरतं. नळ्या, बुश, सील, सगळं." मग त्यांनी स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल केव्हा बदलले याचा कागद मागितला. तो नव्हता. सर्व्हिसच्या वहीत २०१८ नंतर एकही शिक्का नव्हता. नोंदणीची पंधरा वर्षे संपावयास अवघे चार महिने उरलेले. म्हणजे पुन्हा तपासणी, पुन्हा शुल्क, पुन्हा कर.

शेवटी हात पुसत चाचांनी जे सांगितले ते प्रत्येक खरेदीदाराने लिहून ठेवावे असे आहे. "फादर, गाडीची किंमत उतरते. तिच्या पार्टची उतरत नाही. ही सव्वासहा लाखाची झाली, पण हिचा पार्ट अजून त्रेचाळीस लाखाच्या गाडीचाच आहे. हाथी लेना आसान है, पालना मुश्किल."

आम्ही विचारले, "वर्षाला किती धरू?"

"काही निघालं नाही तर लाखभर. निघालं तर देवाला विचारा. ते खातं तुमच्याकडं आहे."

सायंकाळी परिषदेची तातडीची सभा झाली. चाचांचा अहवाल आम्ही प्रामाणिकपणे मांडला. पण आवाजात थोडी ओढ होती, ती चाणाक्षांनी ओळखली असावी. आम्हांस वाटले होते की गरीब सभासद विरोध करतील व सुखवस्तू पाठिंबा देतील. झाले उलटे. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस असलेला तरुण म्हणाला, "घ्या फादर! आमच्या फादरांनी खटाऱ्यात का बसावं? बाकीच्यांचे पुढारी कसल्या गाड्यांतून फिरतात!" या तरुणाचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. आमचे शहर मोटारींचे शहर आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला. २००१ साली शेंद्र्यास स्कोडाचा आला व पुढे तेथे ऑडीच्या मोटारीही जोडल्या जाऊ लागल्या. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी मुलांनी अशा मोटारींचे बोल्ट आवळले, पण त्यांतील एकही त्यांत पाठ टेकून बसला नाही. त्यांच्या वतीने कोणी बसणार असेल तर त्यांना ते हवे होते.

उलट, स्वतः मोठी मोटार बाळगणारे एक डॉक्टर म्हणाले, "फादर, मला रुग्ण माझ्या गाडीमुळे विश्वास ठेवतात. तुमच्यावर लोक कशामुळे ठेवतात?" आणि गप्प बसले.

कोपऱ्यात एक शेतकरी सभासद होते. ते सहसा बोलत नाहीत. त्यांनी एकच प्रश्न केला, "फादर, ह्याच्या खर्चाला उद्या कर्ज काढावं लागलं तर किती टक्क्यानं?"

त्या प्रश्नाने खोलीत शांतता पसरली. त्याची पार्श्वभूमी आम्हां सर्वांस ठाऊक होती. २०१० साली त्या दीडशे मोटारींसाठी बँकेचे कर्ज सात टक्के व्याजाने मिळाले होते. त्याच सुमारास, त्याच जिल्ह्यात, शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर बारा टक्क्यांच्या वर व्याज भरावे लागे. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात 'द हिंदू'मध्ये हा विरोधाभास मांडला होता. आमच्या या सभासदांचा ट्रॅक्टर कर्ज न फिटल्यामुळे त्याच काळात गेला होता. ते कोणास दोष देत नव्हते. त्यांस केवळ टक्का जाणून घ्यावयाचा होता.

आम्ही म्हणालो, "उद्या एक दिवस आहे. चालवून पाहू, मग ठरवू." खरे सांगावयाचे तर निर्णय लांबवून आम्ही त्या आसनात आणखी एक दिवस मिळवीत होतो.

दुसऱ्या दिवशी पहिला शुक्रवार होता. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही खेड्यांकडे निघालो. परतताना एका वस्तीवरील आजींना घाटीत घेऊन यावयाचे होते. बाहेरच्यांसाठी सांगतो, घाटी म्हणजे आमचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. आजींच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते व त्या दिवशी तपासणी होती.

डांबरी सडकेवर मोटार पाण्यावरून होडी जावी तशी गेली. पण वस्तीकडे वळणारा रस्ता पाणंदीचा. आदल्या रात्री पाऊस झालेला. काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मधोमध मातीचा उंच वरंबा. दहा हात गेलो नाही तोच मोटारीच्या पोटाला वरंबा घासला. आम्ही घाबरून मागे आलो. मोटारीचा काही दोष नव्हता. अशा रस्त्यासाठी ती बनविलेलीच नव्हती. आमची जुनी गाडी धापा टाकीत का होईना, आजींच्या दारातल्या लिंबापर्यंत जात असे. आता मोटार सडकेवर ठेवून आम्ही पायी निघालो. एक किलोमीटर अंतर. जाताना आमचे बूट चिखलाने जड झाले. येताना आजी आमच्या बरोबर, एका हाताने आमचा दंड धरून, दुसऱ्या हाताने लुगडे सावरीत, त्या चिखलातून चालत आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

मोटारीपाशी आल्यावर त्या थबकल्या. तिच्या काळ्या अंगात त्यांस आपले प्रतिबिंब दिसले असावे. त्यांनी चपला काढल्या व हातात घेतल्या.

आम्ही म्हणालो, "आजी, राहू द्या. बसा तशाच."

"नगं फादर. पाय चिखलाचे हायेत. गादी खराब व्हईल."

सडकेच्या कडेला साचलेल्या पाण्यात त्यांनी पाय धुतले, पदराने पुसले आणि मग मागच्या आसनावर बसल्या. बसल्या म्हणजे कशा? आसनाच्या अगदी कडेवर, पाठ न टेकता, चपला मांडीवर धरून. जुन्या गाडीत याच आजी पाय वर घेऊन मांडी घालीत, शेंगांचे गाठोडे शेजारी टाकीत आणि सुनेविषयीच्या तक्रारी घाटी येईपर्यंत पुरवून सांगत. एकदा तर त्यांच्या गाठोड्यातून कोंबडी निघाली होती. त्या दिवशी त्या मुकाट होत्या. आम्ही आरशात पाहिले की त्या पुन्हा पुन्हा पदराने आसनाची कड पुसत.

मोटारीत विलक्षण शांतता होती. दोन दिवसांपूर्वी जिचे आम्हांस इतके अप्रूप वाटले ती हीच शांतता. आता ती सोसवेना. एक गोष्ट राहून राहून टोचू लागली. आजींचे पाय चिखलाने भरले ते आमच्या मोटारीमुळे. ती दारापर्यंत जाऊ शकली नाही म्हणून. आणि त्याच चिखलाबद्दल त्या आम्हांकडे ओशाळवाण्या होऊन पाहात होत्या.

शोमरोनी माणसाची गोष्ट आम्ही किती वेळा प्रवचनात सांगितली असेल! त्याने जखमी माणसास आपल्या जनावरावर बसविले, हे वाक्य आम्ही घाईने उरकून पुढच्या उतारशाळेकडे जात असू. त्या शुक्रवारी ते वाक्य आमच्यापुढे उभे राहिले. त्या जनावराची जात, किंमत, वय यांविषयी प्रभूने काहीच सांगितलेले नाही. त्यावर रक्तबंबाळ माणूस बसला, एवढेच सांगितले आहे. जनावर रक्ताने भरेल म्हणून मालक कचरला नाही, आणि जखमी माणूसही संकोचला नाही. धर्मगुरूच्या वाहनाची परीक्षा चालकाच्या आसनावर होत नाही. ती मागच्या आसनावर होते.

त्याच सायंकाळी आम्ही मोटार धुऊन, डिझेल भरून परत केली. ते गृहस्थ रागावले नाहीत. "गिऱ्हाईक आहे दुसरं," म्हणाले.

महिन्याभराने आम्ही सहा वर्षे वापरलेली एक बोलेरो घेतली. पावणेसहा लाखांस. चाचांनी ती उचकटून पाहिली, सर्व्हिसची वही वाचली व 'घ्या' म्हणाले. व्यवहार करताना जी पथ्ये पाळली ती वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून नोंदवितो. आधीच्या मालकाचे कर्ज फिटले असल्याचा बँकेचा दाखला व फॉर्म ३५ घेतल्याविना पैसे दिले नाहीत, कारण कर्जाचा बोजा नोंदणीवर राहिला तर मोटार आपली होऊनही आपली होत नाही. मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३० त्याच दिवशी भरले. विमा चौदा दिवसांच्या आत धर्मप्रांताच्या विश्वस्त संस्थेच्या नावावर करून घेतला. उरलेल्या पैशांतून टायर बदलले आणि थोडी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवली.

आम्ही फार मोठा त्याग केला असे कोणी समजू नये. आलिशान मोटार ही पापाची वस्तू नव्हे. १९६४ च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे ख्रिस्तप्रसाद महासंमेलनासाठी मुंबईस आले होते, तेव्हा त्यांच्या वापरास पांढरी लिंकन मोटार होती. जाताना ती त्यांनी मदर तेरेसा यांस देऊन टाकली. मदर तिच्यात बसून फिरल्या नाहीत, की कोणावर टीकाही केली नाही. त्यांनी तिची सोडत काढली व तो पैसा शांतीनगरच्या कुष्ठरोगी वसाहतीस लावला. पोप फ्रान्सिस यांस २०१७ साली लॅम्बोर्गिनी भेट मिळाली. पुढच्या वर्षी लिलावात तिचे सात लाख युरोंहून अधिक आले आणि तेही दीनदुबळ्यांच्या कामी लागले. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प इथिओपियाच्या अधिकाऱ्याच्या रथात चढून बसला, तोही मोठ्या डौलाचा रथ असला पाहिजे. फिलिप्पाने नाही म्हटले नाही. काम होते तेथवर तो रथात बसला आणि काम होताच उतरला. डॉक्टरांची मोठी मोटार आमच्या धर्मग्रामातील कितीतरी बाळंतिणींनी पाहिली आहे. तिच्या मागच्या आसनावर कोणी चपला काढून बसत नाही, कारण डॉक्टर स्वतः उतरून दार उघडतात व दटावून बसवितात. ते त्यांस साधले आहे. आम्हांस साधले असते की नाही, याची आम्हांस खात्री वाटली नाही.

आणखी एक सांगून टाकतो. साधेपणाचाही एक गर्व असतो, आणि तो मर्सिडीजहून स्वस्त नसतो. बोलेरो घेतल्यावर पहिल्या रविवारी प्रवचनात ही सारी हकीकत सांगण्याचा मोह आम्हांस झाला होता. तो आवरला, कारण समोरच्या बाकावर मास्तरांचा मुलगा बसला होता. त्यास आमच्या साधेपणाशी कर्तव्य नव्हते. त्याच्या घरी रात्री गाडी वेळेवर पोहोचली असती, एवढेच त्यास हवे होते.

सप्टेंबरात आजींची पुन्हा तपासणी होती. बोलेरो पाणंदीतून धक्के देत थेट लिंबापर्यंत गेली. आमच्या कमरेने प्रत्येक धक्क्याची नोंद घेतली. आजी चिखलाच्या पायांनी आत चढल्या, गाठोडे शेजारी टाकले, मांडी घातली. दोन्ही डोळ्यांनी त्यांनी गाडी आतून नीट न्याहाळली.

"फादर," त्या म्हणाल्या, "ती काळी गाडी का नाही घेतली?"

आम्ही म्हणालो, "आजी, तुम्ही तिच्यात अंग चोरून बसला होता ना?"

"ते पहिल्या खेपेला. नंतर झाली असती सवय." मग थोडा वेळ खिडकीबाहेर पाहून पुटपुटल्या, "साऱ्या वस्तीला सांगितलं व्हतं म्या, फादर मला त्या गाडीतून घाटीत घेऊन गेले म्हून."

आम्ही निरुत्तर झालो. गिअर टाकला. आणि वाळूज येईपर्यंत त्यांनी आम्हांस सुनेविषयी जे जे सांगावयाचे ते सारे सांगितले.